आमच्या अर्ध्या तासाबद्दल

लॉर्ड हॉवे बेट,
ऑक्टोबर सरता सरता

तीर्थरूप डल्सीताईस,

धाकट्या ऑड्रीचा बेटावरून वाकून नमस्कार. (अगदी खरोखर वाकून, कारण रॉसने खुर्च्या रंगवायला बाहेर काढल्यात आणि मी उभ्याने टेबलावर वाकून लिहितेय.) क्लॉडदाजींचा गुडघा आता कसा आहे? टॅमवर्थच्या कोरड्या हवेत तो बरा राहतो असं तू लिहितेस. कोरडी हवा गुडघ्याला मानवते हे दाजींना कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याने ते कुठे पडताळून पाहिलं होतं का, एवढं सवडीने कळव. रागावू नकोस. विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि या न राहवण्यापायीच तर हे सगळं रामायण घडलंय. इकडे आम्ही खुशाल आहोत. समुद्रपक्षी परत आलेत आणि नेहमीसारखे आमच्या खिडकीखालीच भांडतात. रॉसची बोट ठीक, नवरा म्हणून रॉसही बोटीच्या मानाने ठीक.

तुझं पत्र पोचलं. 'ऑड्री, या वयात अनोळखी लोकांशी कॉम्प्युटरवर वाद घालणं शोभत नाही. दोन ओळींची माफी मागून टाक आणि मोकळी हो' असं तू लिहिलंयस. तुझ्या चर्चमधल्या बायकांनी 'तुमच्या बहिणीला इंटरनेटवरून हाकललं म्हणे' असं विचारलं आणि तुला मान खाली घालावी लागली, त्याचं मला वाईट वाटतं. (रॉसला फोनवर सगळं सांगायची काय गरज होती, ते मी त्याच्याकडे पाहून घेईन.) पण पहिली गोष्ट, मला इंटरनेटवरून कोणी हाकललेलं नाही, इंटरनेटवरून कोणालाच हाकलता येत नाही, त्या बायकांना तसं सांग. मला एका कट्ट्यावरून हाकललंय. आणि दुसरी गोष्ट, मी माफी मागणार नाही. तुझा मान राखून, हात जोडून, मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर न जाता सांगते, की नाही मागणार. का, ते पूर्ण वाच आणि मग काय ते बोल.

तू कॉम्प्युटरला हात लावत नाहीस, म्हणून सुरुवातीपासून सांगते. हा कट्टा म्हणजे जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांची बसायची जागा. कोणाचा प्रोग्राम अडला की तो तिथे प्रश्न लिहितो, ज्याला येतं तो उत्तर देतो, आणि वाचणाऱ्यांना उत्तर पटलं तर ते त्याला पसंतीची खूण देतात. पैसे कोणी घेत नाही. लग्नाआधी मी न्यूकासलला बस कंपनीत वेळापत्रकांचे प्रोग्राम लिहायचे, ते तुला आठवत असेल. तू तेव्हा सगळ्यांना मी टायपिस्ट आहे असं सांगायचीस. बेटावर आल्यावर ते काम सुटलं, पण खाज सुटली नाही. म्हणून मी कट्ट्यावर उत्तरं देते. माझी पद्धत साधी आहे. प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा, उत्तर आधी स्वतः चालवून पाहायचं, आणि विचारणाऱ्याला मूर्ख म्हणायचं नाही. यातली तिसरी गोष्ट कट्ट्यावर उद्धटपणाची समजली जाते. तिथली रीत अशी, की समज तू विचारलंस, माझा नळ गळतो, काय करू? तर पहिला म्हणेल, नळ हवाच कशाला. दुसरा म्हणेल, नळांचे दिवस गेले, आता सगळे विहिरी खणतात. तिसरा म्हणेल, हा प्रश्न पूर्वी येऊन गेलाय, शोध. मग मी जाते आणि वायसर बदलायला सांगते. कुठल्या मापाचा तेही सांगते. इतक्या वर्षांत माझ्या एकाही उत्तराने कोणाचा नळ जास्त गळला नाही, हे मी कोणापुढेही छातीठोकपणे सांगेन.

या कट्ट्याचा एक ॲडमिन आहे. राहतो मेलबर्नला. कट्ट्यावर कोणी खरं नाव लावत नाही, त्याने 'लोखंडी तर्क' असं नाव घेतलंय. (मी 'ऑड्री पिकेट, लॉर्ड हॉवे बेट' असं लिहिते, तर लोकांना ते टोपणनाव वाटतं.) हुशार आहे, नाही म्हणत नाही. यंत्रांच्या तारा, बटणं, दिवे यातलं त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. पण त्याने फार पूर्वी एक उत्तर लिहून ठेवलंय: उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, तर प्रोग्राममध्ये ऑक्टोबर ते एप्रिल एक तास मिळवा, झालं काम. या उत्तराला इतक्या पसंतीच्या खुणा आहेत की लोक ते डोळे मिटून उचलतात. आणि ताई, आमच्या बेटावर घड्याळं अर्धा तास पुढे करतात. तुला माहीत आहे, तू डिसेंबरात आली होतीस तेव्हा क्लॉडदाजी 'तुमच्यात आणि सिडनीत आता फरकच नाही' म्हणून घड्याळ उलटसुलट करून पाहत बसले होते. हिवाळ्यात आम्ही सिडनीच्या अर्धा तास पुढे, उन्हाळ्यात बरोबरीने. जगात असं करणारे आम्हीच. याचा मला अभिमान वगैरे नाही. पण आहे ते आहे.

आता लेस हॅलोरनचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे पुढे जात नाही. लेस म्हणजे आमच्या शेजारचा, जेटीवर मासे साफ करायला रोज सकाळी जातो तो. त्याच्या अंगणात एक नॉरफोक पाइन आहे, आणि ते झाड बरोबर आमच्या छपरावरच्या डिशच्या आणि आकाशाच्या मध्ये उभं आहे. वारा सुटला की झाड डुलतं, झाड डुललं की आमचं इंटरनेट जातं. मी त्याला शेंड्याकडच्या चार फांद्या उतरवायला सांगितल्या. तो म्हणाला, 'झाड आधीचं आहे, इंटरनेट नंतरचं.' (हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, म्हणूनच जास्त लागलं.) तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. सायकलवरून समोरासमोर आलो तर तो टोपीला हात लावतो आणि मी डोंगराकडे बघते. बेटावर डोंगर आहेत म्हणून बरं, नाहीतर बघायचं कुठे हा प्रश्नच होता. त्याच्या बायकोशी, नोलाशी, माझं काहीच वाकडं नाही. पण बिचारीचं आता काही लक्षात राहत नाही. कालचं राहत नाही, सकाळचं राहत नाही. लेस दिसेनासा झाला की घाबरते आणि दिसला की आपण घाबरलो होतो तेच विसरते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं बदलली. त्याच दिवशी रॉस जेटीकडे निघाला, तर नोला रस्त्याच्या कडेला सपाता घालून उभी. त्याने तिला गाडीत बसवून आमच्याकडे आणलं. मी चहा केला, स्कोन गरम केले. ती सारखी दाराकडे बघत होती.

'लेसने हाक मारली फाटकातून,' ती म्हणाली. 'मी गेले, तर तिथे कोणीच नाही.'

'तो जेटीवर असेल गं अजून,' मी म्हटलं.

'नाही, आवाज त्याचाच होता. नोला, मी आलो म्हणाला.' मग माझ्याकडे बघून तिने हळूच विचारलं, 'मला आता नसलेलं पण ऐकू यायला लागलं का?'

ताई, याला काय उत्तर देशील? मला तपासल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मी तिच्या स्कोनला आणखी लोणी लावलं. तेवढ्यात लेस धावत आला. हाताला माशांचे खवले तसेच, चेहरा पांढराफटक. रॉसला म्हणाला, 'उपकार झाले रे.' मला काही म्हणाला नाही, मीही डोंगराकडे बघितलं. (स्वयंपाकघरातून डोंगर दिसत नाही, मी फ्रिजकडे बघितलं.) दोघं गेल्यावर रॉस म्हणाला, 'आता हिचं वाढत चाललंय.' मलाही तसंच वाटलं, आणि दिवसभर जीव लागला नाही कशात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कट्टा उघडला, तर 'नवशिका' नावाच्या माणसाने प्रश्न टाकलेला. लिहिलं होतं, मी एक बोलणारं घड्याळ केलंय, पत्त्यांच्या जोडाएवढ्या छोट्या कॉम्प्युटरवर. माझ्या बायकोला काही आठवत नाही, म्हणून मी माझा आवाज त्यात भरलाय. गोळ्या घे, जेवून घे, आणि मी घरी यायच्या वेळेला मी आलो, असं ते सांगतं. हिवाळाभर नीट चाललं. काल घड्याळं बदलली आणि ते अर्धा तास पुढे गेलं. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धाच तास बदलतात. मी इथलंच, सगळ्यात जास्त पसंतीचं उत्तर वापरलंय. चूक कुठे झाली?

मी तो प्रश्न वाचला आणि उठून खिडकीशी गेले. अर्ध्या तासाचं गाव जगात एकच, तेव्हा हा माणूस बेटावरच्या आम्हा साडेतीनशे जणांतलाच एक. आणि बायकोला आठवत नाही असा एकच. झाडावाला. पण खरं सांगू, मला आधी झाड आठवलंच नाही. मला आठवलं की नोलाला नसलेलं ऐकू आलं नव्हतं. जे होतं तेच ऐकू आलं होतं. हाक खरीच होती, फक्त अर्धा तास आधी. तिचं डोकं बरोबर होतं आणि घड्याळ चुकलं होतं. ते घड्याळ मेलबर्नच्या या मोठ्या माणसाच्या उत्तरामुळे चुकलं होतं.

तोवर कट्ट्यावर प्रश्नाखाली खिदळणं सुरू झालं होतं. एकाने लिहिलं, अर्धा तास? कंजूष दिसतात तुमच्याकडचे. दुसऱ्याने, गोष्ट रंगवायची तर जरा पटेल अशी रंगव. तिसऱ्याने, हे नक्की कोणाच्या तरी गृहपाठातलं आहे. आणि लोखंडी तर्काने स्वतः येऊन शिक्का मारला: काल्पनिक परिस्थिती, प्रश्न बंद.

मी बसले. प्रोग्राम लिहिला, चालवला, ऑक्टोबर टाकून पाहिला, एप्रिल टाकून पाहिला, मग उत्तर लिहिलं. तुला समजेल असं सांगते: तास हाताने मिळवायचाच नाही. कॉम्प्युटरच्या पोटात जगातल्या गावांची एक यादी असते, कुठे घड्याळ कधी आणि किती बदलतं त्याची. तिच्यात आमचं बेट नावानिशी आहे. प्रोग्रामला फक्त बेटाचं नाव द्यायचं, पुढचं तो बघतो. शेवटी एक ओळ घातली, की ही परिस्थिती काल्पनिक नाही, मी तिच्यात राहते. तो प्रश्न बंद असल्यामुळे मी ते उत्तर नवीन धागा, म्हणजे वेगळी चर्चा, काढून टाकलं. चहा ओतून येईस्तोवर ते पुसलेलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पुसलं. मग लोखंडी तर्काचा खासगी निरोप आला, फार गोड भाषेत. म्हणे, आम्ही तपासलं, नवशिका आणि ऑड्री पिकेट दोघंही इंटरनेटवर एकाच पत्त्यावरून येतात, तेव्हा तुम्हीच स्वतःला प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देत आहात, आणि पसंतीच्या खुणा गोळा करण्याची ही युक्ती आमच्या जुन्या ओळखीची आहे. अगं, सगळं बेट एकाच पत्त्यावरून येतं. आमच्या सगळ्यांच्या डिश एकाच उपग्रहाकडे बघतात. मी तसं लिहिलं. त्याने पुरावा मागितला. मी रॉसला विमानतळावरच्या घड्याळाखाली उभं केलं, एका हातात सिडनीच्या वेळेवर लावलेला घड्याळवाला रेडिओ, घड्याळं बदलण्याआधी आणि नंतर दोन्हीकडे किती वाजायचे ते लिहिलेली पाटी दुसऱ्या हातात, आणि फोटो पाठवला. (रॉसने त्यासाठी दाढी केली होती.) लोखंडी तर्काचं उत्तर आलं, फोटो कोणीही बनवू शकतं, आणि हे गृहस्थ अभिनय करताहेत असं स्पष्ट दिसतंय. एवढं ऐकून रॉस मात्र खूश झाला. पण आम्हा दोघांची खाती बंद झाली, माझंही आणि नवशिक्याचंही. वर अट अशी, की खोटेपणा कबूल करून माफी मागितलीत तर विचार करू.

आता सांग, मी माफी कशाची मागू? माझं उत्तर बरोबर होतं याची? त्याच्या त्या प्रसिद्ध उत्तराखाली आजही लोक खुणा देत असतील, आणि उद्या आमच्या दवाखान्यात कोणी तो प्रोग्राम बसवला तर? तू म्हणतेस, ऑड्री, जग तुझ्या अर्ध्या तासावाचून चाललंय. चालू दे ना. मी जगाला अडवलंय कुठे? एक माणूस प्रामाणिकपणे प्रश्न विचारतो, त्याला बरोबर उत्तर मिळायला हवं, एवढंच माझं म्हणणं. तो माणूस लेस हॅलोरन निघाला हे माझं दुर्दैव, पण त्याने उत्तर बदलत नाही.

पण उत्तर त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं? मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि घड्याळ रोज सकाळी अर्धा तास आधी हाक मारत होतं. लेसने मासे साफ करायला जायचं बंद केलं आणि फाटकाशीच बसून राहायला लागला. मी रॉसला म्हटलं, 'जा, त्याला सांग की प्रोग्राममध्ये तास मिळवू नकोस, बेटाचं नाव घाल.' रॉसने मान डोलावली. रॉस मान डोलावतो तेव्हा त्याला काही कळलेलं नसतं हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, तरी मी त्याला पाठवलं. संध्याकाळी तो परत आला.

'सांगितलंस?'

'सांगितलं.'

'काय म्हणाला?'

'घड्याळाजवळ तोंड नेलं आणि तीनदा मोठ्याने लॉर्ड हॉवे म्हणाला. काही झालं नाही. मग मलाही म्हणायला लावलं.'

मी कपाळाला हात लावला. मग उत्तर कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि सकाळी दुकानाबाहेरच्या सूचनाफलकावर टाचण्यांनी लावून आले. खाली नाव घातलं नाही. (घालायची गरजही नव्हती, बेटावर माझं अक्षर न ओळखणारं एक कुत्रंही नाही.) वर मथळा दिला, 'ज्याचं बोलणारं घड्याळ चुकतंय त्याच्यासाठी.' दुपारी ब्रेड आणायला गेले तर फलकापुढे माणसं उभी, आणि कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने लिहिलेलं. 'माझं घड्याळ बोलत नाही, पण चुकतं. काय करू?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'किल्ली दे.' त्याखाली पोस्टातल्या मर्लचं, 'प्रोग्रामच्या चौथ्या ओळीत कंस बंद करायचा राहिलाय का?' मी चष्मा लावून बघितलं. राहिला होता. चूक माझी, मी तिथल्या तिथे कंस घातला आणि खाली लिहिलं, 'बरोबर आहे, आभारी आहे.' ताई, त्या कट्ट्यावर इतक्या वर्षांत 'बरोबर आहे, आभारी आहे' एवढे शब्द मी कोणाच्या हातून उतरलेले पाहिले नव्हते. मर्ल तर दिवसभर टपाल वाटताना सगळ्यांना सांगत होती की तिने ऑड्रीचा कंस पकडला.

दुसऱ्या दिवशी त्या कागदाखाली ठळक अक्षरात एक ओळ आली. 'नाव कुठल्या ओळीत घालायचं? न.' मी खाली लिहिलं, 'दुसऱ्या. अवतरणचिन्हात. मोठी-छोटी अक्षरं दाखवली तशीच.' एकाने लिहिलं, 'न म्हणजे कोण?' त्यावर कोणीतरी, 'जसं काही तुला माहीत नाही.' एवढं होऊन कोणी कोणाला मूर्ख म्हटलं नाही, कोणी विहीर खणायला सांगितली नाही. पसंतीची खूण म्हणून लोक टाचण्या टोचून जायचे. शेवटी दुकानवालीने तक्रार केली की बाकीच्या सूचनांना टाचण्याच उरल्या नाहीत आणि हरवलेल्या मांजराचा कागद उडून गेला.

त्यानंतरच्या सकाळी मी खिडकीशी भांडी पुसत होते. शेजारून लेसचा आवाज आला, तो खरा नव्हे, भरलेला: 'नोला, मी आलो.' नोला बाहेर आली, फाटकापर्यंत गेली आणि फाटक उघडलं. लेस सायकल हातात धरून फाटकाबाहेरच उभा होता. बहुधा लपून वाट बघत असावा, चुकायला नको म्हणून. नोलाने त्याच्याकडे बघितलं आणि अगदी रोजच्यासारखी म्हणाली, 'ऐकलं मी. हात धू आधी.' एवढंच. ती आत गेली आणि तो तिथेच सायकलच्या सीटवर डोकं टेकून उभा राहिला. मी तेवढं पाहिलं आणि बाजूला झाले. माणसाला कधी कधी कोणी बघू नये.

तर अशी सगळी हकिगत आहे. त्या मेलबर्नच्या माणसाने माझं उत्तर पुसलं, पण ते चाललं. यापुढे कट्टा गेला चुलीत. आमचा दुकानाबाहेरचा फलक बरा, तिथे कंससुद्धा माणसं प्रेमाने बंद करतात. माफी मागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे तू चर्चमधल्या बायकांना माझ्या नावानिशी सांग, हवं तर उभी राहून सांग. क्लॉडदाजींना नमस्कार, गुडघ्याला जपायला सांग. मुलांना आशीर्वाद. पाइन अजून आहे तिथेच आहे.

तुझी आज्ञाधारक (जिथे आज्ञा बरोबर असेल तिथे),
ऑड्री

ता.क. वाऱ्यामुळे विमान आलं नाही, पाकीट उघडंच आहे म्हणून लिहिते. काल दुकानाबाहेर फलकापुढे मी उभी होते, तर शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. बघते तर लेस. डोंगराकडे बघायला वळले, तर ढगात डोंगरच नाही. दोघंही फलकाकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, 'झाड मी कापणार नाही, ऑड्री.'

'कापायला कोणी सांगितलंय?' मी म्हटलं.

'तूच.'

'फांद्या म्हटलं होतं. चारच.'

'बरं,' तो म्हणाला. मग फलकावरची एक टाचणी नीट दाबत म्हणाला, 'ती आता घाबरत नाही बघ सकाळची. तुला सांगायचं राहिलं होतं.'

'प्रश्न नीट लिहिला होतास तू,' मी म्हटलं. 'पहिल्याच खेपेला सगळी माहिती दिली होतीस. फार कमी लोकांना जमतं ते.' हे ऐकून त्याचे कान लाल झाले. हे बोलणं झालं असं तू धरू नकोस. प्रोग्रामबद्दलचं बोलणं आम्ही बोलण्यात मोजत नाही.

ता.क. २. आता मुख्य कामाचं. लेसने नवीनच उद्योग केलाय. समुद्र खवळला की त्याला उशीर होतो आणि घड्याळ मात्र वेळेवर 'मी आलो' म्हणतं, मग पुन्हा तेच. म्हणून त्याने फाटकालाच बटण लावलं, की फाटक खरंच उघडलं तरच घड्याळाने बोलावं. कल्पना चांगली, पण एकदा फाटक उघडलं की घड्याळ एका दमात पाचसहा वेळा 'नोला, मी आलो, मी आलो, मी आलो' करतं. नोला म्हणते, 'एकदा सांगितलं तरी ऐकू येतं मला.' लेसने फलकावर प्रश्न लावला. बेटावरच्या कोणालाच येईना. आणि ताई, मलाही येईना. माझं आयुष्य बसच्या वेळापत्रकात गेलं, बटणं आणि तारा हा माझा विषय नव्हे, आणि चालवून न पाहिलेलं उत्तर मी देत नाही. यावरचं सगळ्यात अचूक उत्तर जगात एकाच माणसाने लिहिलंय, आणि ते कट्ट्यावर आत शिरल्याशिवाय वाचता येत नाही. तो माणूस कोण ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तर एक माफीपत्र हवंय. चांगलं, मऊ, पायाशी लोळण घेणारं. तुला ते जमतं. क्लॉडदाजींच्या आईला तू लिहायचीस तसं. मी स्वतः लिहून पाहिलं, पण प्रत्येक खेपेला दुसऱ्या ओळीपासून माझ्या हातून त्याच्या चुका दुरुस्त व्हायला लागतात. उलट टपाली पाठव, मी नक्कल करून सही करते. उद्धट होते म्हण, म्हातारी झाले म्हण, एकटीच दोन नावांनी लिहीत होते असंसुद्धा म्हण, रॉस नट आहे असंही लिही, त्याची हरकत नाही.

ता.क. ३. फक्त अर्धा तास खरा नाही असं कुठे लिहू नकोस. बाकी हव्या त्या गोष्टीची माफी मागते.